पानाच्या थुंकीचा पॉइंट

काल स्मृति नगरात भाजीवाल्याने प्लास्टिकची पिशवी उघडायला बोट जिभेला लावलं. पानाचा ओला वास आला आणि मी निवडलेले टमाटर तिथेच टाकून निघाले.

सेक्टर सहाच्या हिंदी शाळेत, पाचवीत, आमचे गणिताचे सर तोंडात पान धरूनच दशांशाचा भागाकार शिकवत. माझ्या पाटीवर ०.३६ भागिले ०.३. "दोनों का पॉइंट एक घर सरकाओ," म्हणत ते बोट जिभेला लावत, जुना पॉइंट पुसत आणि त्याच बोटाने नवा टेकवत. शेवटी उत्तरातल्या एक आणि दोनच्या मध्ये लालसर, चिकट ठिपका बसायचा.

एकदा मी तो ठिपका फडक्याने पुसला. पाटी वाळली की पेन्सिलीने देऊ म्हटलं, तेवढ्यात सर वळले.

"बारह? पॉइंट कहाँ गया?" आणि बोट पुन्हा जिभेकडे गेलं. या वेळचा ठिपका मोठा होता.

घरी आईला सांगितलं, "सर थुंकी लावून राहिले पाटीले."

पोळी लाटता लाटता आई म्हणाली, "लावू दे. भागाकार आला नं तुले?"

आला. आता नातवाला शिकवते, आणि पॉइंट सरकवला की माझ्या तोंडात काताची चव येते.