न तपासता बसवलेले चार इंजेक्टर

माझी धाकटी जाऊ गेली एकवीस वर्षं गाड्यांचे इंजेक्टर तपासते. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारी बोटाएवढी वस्तू. दिरांनी गॅरेज काढलं आणि तपासणीचं मशीन आणलं, पण ते चालवायचा धीर एकाही पुरुषाकडे नव्हता. हिच्याकडे होता. दीर गेले, गॅरेज मुलाकडे आलं, मशीन मात्र मागच्या खोलीत खिडकीखाली, हिच्याच हाताखाली राहिलं. काचेच्या चार उभ्या नळ्या, प्रत्येकीवर एक इंजेक्टर. बटण दाबायचं आणि कुठली नळी किती भरते ते बघायचं. ही आधी थंड तपासते, मग तापवून, मग जागा बदलून. तोवर बाहेरून लेकाच्या तीन हाका येतात.

"आई, चार पिचकाऱ्या तर आहेत. किती वेळ?"

"बूट घेताना दोन्ही पायांत घालून बघतोस ना? मग थांब."

आसपासची सगळी गॅरेजं तिच्याकडे इंजेक्टर पाठवतात. ती "ठीक" म्हणाली की कुणी पुन्हा विचारत नाही. आयुष्यभराची तिची कमाई म्हणाल तर हा एक शब्द.

पुतण्याचा धंदा वेगळा. तो गाड्यांना टर्बो लावून ताकद वाढवून देतो. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्या हवेला जास्त पेट्रोल लागतं, जुने इंजेक्टर तेवढं देऊ शकत नाहीत, म्हणून मोठे बसवायचे. मी संख्याशास्त्र शिकलेली बाई आहे, एवढं मला कळतं. तरी तो मला समजावताना सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतो. डोकं फिरतं माझं.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांच्या गाडीसाठी मोठे इंजेक्टर आले, त्या दिवशी धाकटी दाढ काढायला गेली होती. डब्यात छापील कागद होता : चारही सारखे. पुतण्याने कागद वाचला आणि इंजेक्टर बसवून टाकले. सायलेन्सरमधल्या सेन्सरने हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर दाखवलं. का नाही दाखवणार? तो चारही सिलिंडरांचा धूर एकत्र हुंगतो. तिघांनी दोन घास जास्त खायचे, चौथ्याने उपाशी राहायचं, आणि सेन्सरने घर सुखी असल्याचा दाखला द्यायचा. सरासरी किती लबाड असते हे मी या मुलाला आठवीत शिकवलं होतं. वाया गेलं.

आठ दिवसांनी गाडी चढावर बंद पडली. पेट्रोल कमी पडलं की सिलिंडर भलता तापतो; तिसऱ्याचा पिस्टन जळून आरपार भोक पडलेलं. मालक गॅरेजमध्ये आले तेव्हा आम्ही दोघी मागे बसलो होतो, आणि पुढचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"आईनेच तपासून दिले होते, साहेब. वय झालं तिचं. नजर पूर्वीसारखी राहिली नाही. मी बाकीच्या गॅरेजवाल्यांनाही सांगून ठेवलंय, जपून राहा म्हणून."

"मग एकदा दुकानात आणा त्यांना," मालक म्हणाले. "नंबर काढून देतो."

मी ताडकन उठले. धाकटीने माझं मनगट धरलं. "ताई, तुम्ही बसा. तुम्ही भांडाल, आणि मग बायका भांडल्या एवढंच लोकांच्या लक्षात राहील."

ती पुढे गेली. "चारही काढून आण," लेकाला म्हणाली.

"आता काय उपयोग, आई?"

"आण."

आणले. तिने मालकांना मागच्या खोलीत बोलावलं, इंजेक्टर मशीनवर लावले, बटण दाबलं. पहिली, दुसरी आणि चौथी नळी बरोबरीने भरली, तिसरी बोटभर खाली राहिली.

"पिस्टन जळाल्यावर कचरा अडकला असेल," पुतण्या म्हणाला.

तिने तिसरा इंजेक्टर धुवायच्या भांड्यात टाकला. वीस मिनिटं तिथेच ठेवला. मला बोलायचं पुष्कळ होतं, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले. धुऊन लावला, पुन्हा तेवढंच. मग तिने तोच इंजेक्टर पहिल्या नळीवर लावला. आता पहिली बोटभर खाली.

"साहेब, आकडा तुम्ही वाचा. माझी नजर गेलीय म्हणे."

मालक वाकले, वाचला, सरळ झाले. "पण बाई, एवढा फरक दिसत असताना तुम्ही हा सोडलात कसा?"

 ती हात पुसत लेकाकडे बघत राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही तरी..."

"मी बोलले तर तुला झेपणार नाही," मी म्हटलं.

"आईकडे आलेच नव्हते," तो शेवटी पुटपुटला. "मी डब्यातून काढले आणि बसवले."

मालकांचा चेहरा लाल झाला. ते त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. मला त्यातला शब्द न् शब्द पटला. इंजिन पुन्हा उभं करून द्यायचं कबूल करून घेतलं, तेव्हाच ते गेले.

मला वाटलं, आता ही पदर डोळ्यांना लावणार आणि लेकाला माफ करणार. आमच्या पिढीच्या बायकांना हा रोगच आहे. पण तिने मशीन पुसलं, स्टूल ओढून घेतलं.

"ज्यांना ज्यांना माझ्या नजरेचं सांगितलंस, त्यांना फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने पहिला फोन लावला. "हां, ते आईबद्दल बोललो होतो ना, त्यात जरा गैरसमज झाला होता..."

धाकटीने हात पुढे करून फोन कापला.

"गैरसमज नाही. तू खोटं बोललास. परत लाव."