जीव धरलाय, पण टिकणार नाही

माझी मुलगी गेम बनवते आहे हे मला कळलं, त्याच्या आधी मी तिच्यावर पाळत ठेवली होती. 'काळजी करत होतो' असं आधी लिहिलं होतं. ते खोटं वाटलं म्हणून खोडलं.

आम्ही थेरगावात राहतो. मी चाकणला, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. माल ट्रकमध्ये चढण्याआधी त्याच्यावर शेवटची नजर माझी असते. शंका आलेल्या मालाला आमच्याकडे 'सस्पेक्ट' म्हणतात. त्याला पिवळा टॅग लावून बाजूला ठेवायचं आणि चांगला आहे हे सिद्ध होईपर्यंत खराबच धरायचं. हे काम करून करून माणसांकडेही तसंच बघायची सवय लागते, असं मी एकदा बायकोला म्हणालो. ती म्हणाली, कंपनीला कशाला नावं ठेवता, तुम्ही लग्न ठरलं तेव्हापासून असेच आहात.

मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. रोज सकाळी डांगे चौकातून कंपनीची बस पकडायची. एका रविवारी दुपारी मी बाथरूममधला गळका नळ बदलत होतो. बाथरूमची खिडकी गॅलरीकडे उघडते आणि गॅलरीत ती फोनवर बोलत होती. आवाज मुद्दाम बारीक केलेला. मी पाना खाली ठेवला.

"जीव धरलाय रे, पण टिकणार नाही," ती म्हणाली. "वाढच होत नाहीये." मग थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "मग काढून टाकू. पण शुक्रवारच्या आत. नंतर काही करता येणार नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "छे, घरी काहीच नाही सांगितलं. पप्पांना कळलं तर संपलंच."

आमच्या लातूरकडे रोपानं मातीत मूळ पकडलं की 'जीव धरला' म्हणतात. घरातल्या बायका दिवस गेलेल्या एखाद्या सुनेबद्दल, बाजूला होऊन, हळू आवाजात तेच म्हणतात. मला हे दोनच अर्थ माहीत होते, आणि माझ्या गॅलरीत रोपं नव्हती.

त्यानंतर जे जे दिसलं ते सगळं मला एकाच बाजूचं दिसू लागलं. तिनं अर्धा चहा ठेवला. त्या रविवारी दिवेलागणीलाच आडवी झाली. रात्री पिठलं-भाकरीचं ताट बाजूला सारलं. मी बायकोला आडून आडून विचारलं, पोरीची तब्येत बरी आहे ना, सगळं वेळच्या वेळी आहे ना. बायको माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "हे तुम्हाला कशाला पाहिजे?" मग मला वाटलं, हिलाही माहीत आहे. म्हणजे आता घरात सस्पेक्ट दोन झाले.

मुलगी अंघोळीला गेली असताना मी तिचा फोन उचलला. तो उघडेना, पण काचेवर नुकताच आलेला मेसेज दिसत होता. तिच्या कॉलेजच्या वर्गातल्या एका मुलाचा होता. 'जीव काढायचा का नाही ते दोघं बसून ठरवू. एकटी काही करू नकोस.' फोन होता तसाच, त्याच कोनात ठेवला. त्या आठवड्यात मला दुसरी शिफ्ट होती, म्हणजे सकाळ मोकळी होती. मी ठरवलं, मागे जायचं.

बुधवारी डांगे चौकात बस आली आणि ती बसमध्ये चढली नाही. बस गेल्यावर तिनं रिक्षा केली. स्कूटर मागे ठेवत ठेवत मी सांगवीपर्यंत गेलो. ती एका इमारतीत शिरली, आणि शेजारच्याच इमारतीवर पाटी होती, प्रसूतिगृह. अशा पाट्या आपल्याकडे दर चौकात असतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी स्कूटर तिथेच उभी केली.

इमारतीच्या खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार तिथलाच जुना रहिवासी असावा. आत्ता वर गेलेली मुलगी कोणाकडे आली विचारलं तर त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पयल्या मजल्याव मायलेक ऱ्हात्यात. ती पोरगी अधूनमधून येती. दोघं दार लावून बसत्यात, काय करत्यात देवाला ठावं. का ओ काका, स्थळ बघाया आलाय व्हय?" तो हसला. त्याचं हसू मला जिना चढवून गेलं.

दार मुलाच्या आईनं उघडलं. माझ्याच वयाची बाई, हाताला कणीक लागलेली. मी ओळखही सांगितली नाही. जिन्यात उभा राहून, खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"ताई, तुमच्या मुलाला सांगा, काढायचं नाही. माझी मुलगी आत आहे, मला सगळं कळलंय. मी लग्न लावून द्यायला तयार आहे."

"कोणाचं लग्न?" त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीतून दोघं बाहेर आली. मुलीच्या गळ्यात हेडफोन लटकत होता. मुलानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी सरळपणे विचारलं, "काका, तुम्ही ग्रहाबद्दल बोलताय का?"

मग त्यांनी मला लॅपटॉप दाखवला. काळ्या पडद्यावर एक छोटा दगड तरंगत होता. तो अवकाशात फिरवायचा, दुसऱ्या दगडांवर नेऊन आदळायचा, त्यांना पोटात घेत वाढवायचा. वाढत वाढत त्याचा ग्रह होतो, ग्रहाचा तारा होतो, आणि फारच वाढला तर कृष्णविवर. जिंकणं-हरणं नाही, शेवट नाही, नुसतं वाढायचं. ग्रह पुरेसा मोठा झाला आणि त्याला कोणी धडकलं नाही, तर त्याच्यावर हिरवे ठिपके उगवतात. त्याला ही दोघं 'जीव धरणं' म्हणत. गेम मराठीतूनही खेळता यावा म्हणून त्यांनी असे शब्द शोधून ठेवले होते. पण ठिपके थोड्या वेळानं आपोआप मरून जात, आणि चूक कुठे आहे ते सापडत नव्हतं. शुक्रवारी हा गेम छोट्या गेमवाल्यांच्या एका प्रदर्शनाला पाठवायचा होता. तोवर चूक सापडली नाही तर तेवढा भाग काढून टाकायचा, असं चाललं होतं. त्यासाठी तिनं तीन दिवस रजा टाकली होती. घरी सांगितलं नव्हतं ते हे, आणि पुढे नोकरी सोडायचा विचार आहे, ते.

मला हायसं वाटलं. हसूही आलं. मी एकटाच हसलो.

मुलाच्या आई हात धुऊन मुलाला म्हणाल्या, दार लावून इतके दिवस हे दगड खेळवत होतात? तो समजावू लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या दोन बायका येऊन उभ्या होत्या. दुकानदारही पायरीवर येऊन वर बघत होता. मुलाच्या आई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळू म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तुमच्या पोरीचं नाव माझ्या दारात येऊन घेतलं. आता मी तिला आत कशी घेऊ?"

मी जिना उतरलो. मुलगी लॅपटॉप पिशवीत भरून माझ्या मागे स्कूटरवर बसली. रहाटणीच्या सिग्नलला तिनं विचारलं, "खरंच तसं असतं, तर?"

"लग्न लावून दिलं असतं," मी म्हणालो. "एका शब्दानं बोललो नसतो."

"मला न विचारता?"

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या आणि मी निघालो.

जीव धरण्याचा सगळा भाग त्या मुलानं लिहिला होता. चूक शोधायची तर दोघांनी बसूनच शोधावी लागणार होती. त्यांनी फोनवरून प्रयत्न केला. त्याची आई शेजारी बसून राहायची, फोन स्पीकरवर ठेवायला लावायची. मुलगी सांगते की त्याला आईसमोर 'जीव' हा शब्दच उच्चारता येईना. 'तो भाग', 'ते हिरवं' असं काहीतरी म्हणायचा आणि अडखळायचा. गुरुवारी संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं की आता जमणार नाही. तिनं एकटीनं बसून जीव काढून टाकला आणि शुक्रवारी गेम पाठवला. जे काढू नका म्हणून मी सांगवीला ओरडलो होतो, ते माझ्यामुळेच निघालं. तो मुलगा पुढे तळेगावच्या एका कंपनीत नोकरीला लागला. त्यांचं बोलणं होतं का, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मी माझ्या हातानं घालवला.

गेम बाहेर आला आहे. लोक विकत घेतात म्हणे. मुलीनं नोकरी सोडली आणि ती आता घरूनच काम करते. मी अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं. गेम न खेळणाऱ्या माणसाला तो कळतो का हे बघायचं होतं म्हणून तिनं मला एकदा खेळायला बसवलं. मी दगड वाढवला, ग्रह केला. ग्रह छान निळसर झाला. मग मी हात न लावता, कोणी धडकू नये म्हणून जपत, वाट बघत बसलो.

"थांबलात का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, काही होतंय का बघतोय.

"काही होत नाही पप्पा. वाढवत राहायचं. पुढे तारा होतो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती पलीकडच्या खोलीत गेली आणि दार लावून बोलू लागली. हल्ली घरात असली की ती फोनवर इंग्रजीत बोलते. माझी बायको म्हणते, कामाचं असेल. मला अर्धंमुर्धं कळतं. तरी दाराआडून तिचा आवाज आला की टीव्हीचा आवाज कमी करायला माझा हात रिमोटकडे जातोच.