शेवटच्या भोकापाशी ठेवलेला चेंडू

सोडाल्याहून, दाजींच्या घरून, सकाळी निघालो. दाजी, म्हणजे बहिणीचे मिस्टर, रेल्वेत आहेत. दारातून एवढंच म्हणाले, "मन लावून कर. दुसरं काही नाही माझ्या हातात." आठवीत शाळा सोडून सांगलीकडून आलेल्या मला जयपुरात गोल्फ क्लबात गवत राखायचं काम मिळत होतं. उपकारच की.

सी-स्कीम भागातल्या गाड्यांची गर्दी मागे पडली आणि एकदम हिरवळ दिसली. क्लब राजांच्या वेळचा. तेव्हा इथं गवत नव्हतंच. भोकांभोवती तेल मुरवलेली वाळू असायची. मुख्य माळी बनवारीजींचे वडील ती झाडूनं सपाट करायचे. व्हरांड्यात जुन्या कप्तानांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. माळ्यांची कुठं नाहीत.

"पड़ी गेंद दिखे तो बाल्टी में डाल," बनवारीजी म्हणाले. "और साब लोगों के आगे से मत निकलना. भैंस है क्या?"

शेवटच्या भोकापाशी एक चेंडू दिसला. जवळ कुणी नव्हतं. निळा ठिपका होता. पुसून बादलीत टाकला. बादली सरावाला गेली, साहेबांनी चेंडू पार बाभळींत उडवले.

दुपारी बनवारीजी धावतच आले, तेव्हा कळलं. इथली रीत अशी : सभासदाची तेरहवीं (तेरावा) झाली, की त्याचा चेंडू तिथं ठेवायचा. दिवस मावळेपर्यंत कुणी शिवायचं नाही, मग घरच्यांना द्यायचा. आज डॉक्टरसाहेबांचा होता. इथं हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे मला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

"नीली बिंदी देख," बनवारीजी काट्यांत वाकून म्हणाले. "मैडम खुद लगाती थीं, डाक्टर साब की हर गेंद पे."

हात फाटले. मिळाले ते चेंडू बादलीत भरले. तो नव्हता.

दिवस कलताना डॉक्टरांच्या पत्नी आल्या. क्लबाचे सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे न बघता बनवारीजींना म्हणाले, "कल से इसे मत बुलाना."

बाईंनी बादली ओढली. बराच वेळ चेंडू चाळले. एक उचलला.

"यही है. इन्हें क्यों निकाल रहे हैं?"

मूठ मिटायच्या आत मी पाहिलं. चेंडू कोरा होता.

सोडाल्याला परतलो तर दाजी दारातच. "काय, जमलं?"

"जमलं," म्हणालो.

नोकरी टिकली. बाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. रोज काम आटोपलं की बाभळींत शिरतो, शोधतो. पण सापडलाच, तर कुठल्या तोंडानं नेऊन देऊ? नवऱ्याचा म्हणून त्यांनी घरी दुसराच जपून ठेवलाय, आणि तो माझ्यापायी.