थप्पीतली सहा पोती

कुडाळला एका सीएच्या ऑफिसात मी ताळेबंदांचं काम करते. त्या जुलैत काजूच्या एका कारखान्याची फाइल माझ्याकडे आली. मालकांना बँकेकडून खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं लिमिट वाढवून हवं होतं.

चालू मालमत्ता एक कोटी वीस लाख, चालू देणी ऐंशी लाख. करंट रेशो दीड. कागदावर उत्तम. पण माल वगळला तर उरत होते जेमतेम पंचवीस लाख. म्हणजे सगळी भिस्त गोदामातल्या काजू बीवर. म्हणून मी पोती मोजायला गेले.

थप्पीत आमच्या घरची सहा पोती निघाली. सासऱ्यांची निळ्या रंगाची खूण मी ओळखते.

आमच्याकडे लोक मे महिन्यात काजू बी कारखान्यात नेऊन टाकतात आणि पैसे चतुर्थीच्या आधी घेतात. पावती कोणी मागत नाही. मीही मागितली नव्हती.

"काका, ही बी तुमच्या मालात धरलेली आसा. मगे देणा खंय आसा?" मी मालकांना विचारलं.

"देणा कसला गो ता? चतुर्थीक पैसे दितलंय. तीस वर्सा कोणाचो रुपयो बुडवलंय नाय."

"वही दाखवा."

वहीत लोकांची अशी पैसे द्यायची राहिलेली चारशे पोती होती, सुमारे पन्नास लाखांची. ती देण्यांत धरली की रेशो एकाच्या खाली जात होता. उद्या हप्ते थकले असते तर बँकेने गोदामाला कुलूप लावलं असतं, आणि बी आपली म्हणायला लोकांकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती.

"ह्या लिवलंस तर लिमिट गेला," काका म्हणाले. सोलायला बसलेल्या बायकांकडे त्यांनी हात केला. "ह्यांनी मगे जावचा खंय? तू आमची काय बँकेची?"

त्या ओळीत माझी शेजारीण होती. तिने मान वर केली नाही.

मी अहवालात ते लिहिलं. आमची सहा पोतीही त्यात आली, तेही आमच्या सीए सरांना सांगितलं. बँकेने लिमिट वाढवलं नाही. काकांनी निम्मी बी न फोडताच बांद्याच्या व्यापाऱ्याला विकली आणि चतुर्थीच्या आधी सगळ्यांचे पैसे चुकते केले. एरवी शिमग्यापर्यंत पेटणारी कारखान्याची काजू भाजायची भट्टी दिवाळीलाच थंड झाली.

शेजारणीने कुंपणावरून एकदाच विचारलं, "तुमचे पैसे गावले मा?"

"गावले."

"बरा झाला," म्हणाली आणि आत गेली.

माझा हिशेब बरोबर होता. आजही तोच लिहीन. पण तिच्या घरातली आवक बंद झाली, ती माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हती.

यंदा मे महिन्यात बी घेऊन गेले तेव्हा काकांनी वजन केलं आणि पावती फाडून दिली. मी ती नीट वाचून पर्समध्ये ठेवली. सोलणाऱ्यांच्या ओळीत शेजारणीच्या जागी कोणी नव्हतं. ती आता आरोंद्याला कोळंबी सोलायला जाते. पहाटेची पहिली एसटी पकडते.