लालीची आंघोळ

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, हसा! अख्खं रोहणा गाव हसलंय, तुम्हीच काय घोडं मारलंय?

आमच्या शोभाची, म्हणजे बायकोची, लाली नावाची गावरान कोंबडी. अकरा अंड्यांवर खुडूक बसलेली. एका सकाळी बघतो तर तिचा लालभडक तुरा पांढराफटक! गोचिडांनी रक्त पिऊन पिऊन पार वाळवली होती हो तिला.

शोभा रडवेली झाली. "अवो, लाली गेली तं पिल्लंही गेले समजा."

मी छाती फुगवली. "मी आहो ना! परवाच तं शिकून आलो."

खोटं नाही. गावात कोंबडीपालनाचं प्रशिक्षण झालं होतं आणि गोचिडांवरचा निंबोळ्यांचा अर्क मला तोंडपाठ होता. निंबोळ्या कुटल्या, रात्रभर भिजवल्या, फडक्यानं गाळून साबणाचं पाणी घातलं. मग लालीला उचललं आणि दिली बादलीत बुचकळी! तिनं असा कल्ला केला की शेजारची कुत्री पळाली.

दुसऱ्या दिवशी पंखाखाली गोचिडांचे नवे चट्टे. म्हटलं, औषध कमी पडलं. सीताफळाचा पाला वाटून घातला आणि सगळ्याच कोंबड्यांना आंघोळ! तिसऱ्या दिवशी बादली दिसताच सगळ्या छपरावर. मी खालून हात जोडतोय, त्या वरून शिव्या देतायत.

शोभा कडाडली. "तिकडं अंडे थंडे होऊन राह्यले ना! तिले काऊन धुऊन राह्यले सारखं?"

गोंधळ ऐकून शेजारच्या कुसुमवहिनी आल्या. त्यांनी खुराड्याच्या फळीच्या फटीत काडी घातली. अहो, भसाभस गोचिडं बाहेर! दिवसा फटीत लपायचं, रात्री कोंबडीवर चढायचं, असा त्यांचा धंदा.

"भाऊजी, चोर घरात लपले अन् तुम्ही घरवालीले धुऊन राह्यले! अर्क फटीत मारा लागते. प्रशिक्षणात मॅडमनं सांगतलं ना! तुम्ही कुठं गेलते?"

आता काय लपवू? अर्क कसा काढायचा ते ऐकलं, तेवढ्यात आलूबोंड्याचा वास आला. पहिली पंगत हुकू नये म्हणून मी हळूच सटकलो. कुठं मारायचा, ते त्यानंतर सांगितलं!

त्याच दुपारी लालीला अंड्यांसकट टोपल्यात घरात आणलं. तिघांनी मिळून फटीफटीत अर्क मारला, पुन्हा पुन्हा मारला, वर माती लिंपली. लालीचा तुरा हळूहळू लाल झाला. आणि अकरातून नऊ पिल्लं निघाली, नऊ! शोभापेक्षा माझाच जीव जास्त भांड्यात पडला.

परवा पुन्हा प्रशिक्षण होतं. मॅडमनी अनुभव सांगायला मलाच उभं केलं. मी ऐटीत सुरू झालो. निंबोळ्या कुटा, भिजवा, गाळा... आणि मागून रश्श्याचा वास आला. मी नुसतं मान वळवून पाहिलं हो, एवढंच!

शेवटच्या रांगेतून शोभा ओरडली, "आधी फटीचं सांगा, मंग जा जेवाले!"