शरयूबाईंनी वाचवलेला मासा

ग्वाल्हेर संस्थान विलीन झाले, आणि शहराच्या लष्कर भागातल्या एका छोट्या संग्रहालयाचे सामान इंदूरला हलू लागले. खोल समुद्रातल्या एका माशाच्या बरणीवर 'वाम' अशी चिठ्ठी होती.

"वामी आधीच काफी आहेत. ही फेका," संग्रहालयाचे प्रमुख गोपाळकृष्णपंत म्हणाले.

बांधाबांधीच्या मदतीला आलेल्या, प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शरयूबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्या हटल्या नाहीत. त्यांनी मासा ताटात काढून भिंग धरले. वामीला पोटाखाली पर नसतात, याला होते. दात इतके लांब, की मिटल्या तोंडात मावेनात. पोटाच्या कडेने प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांची रांग होती.

"पंत, हे काळोखातल्या शिकाऱ्यांचं निराळंच कूळ आहे. बघा तरी!"

पंतांनी बराच वेळ पाहिले आणि नवी चिठ्ठी आणली. इंदूरला जाणाऱ्या खोक्यात बरणीभोवतीचे गवत मात्र शरयूबाईंनी स्वतः दाबून भरले.