पोटाशी धरलेले दोन हात

कस्तुराबाई औरंगपुऱ्यातल्या वैजनाथच्या स्टुडिओत शिरली ती भांडायच्याच तयारीनं. वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते, आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून घराघरांत चुली वेगळ्या होत होत्या. नाटकाच्या जाहिरातीचा फोटो काढायला मी राजाच्या पोशाखात तिथं बसलो होतो. माझ्या मुकुटाकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

पदराआडून तिनं एक जुना फोटो काढला. वैजनाथच्याच वडिलांनी काढलेला. नवरा, ती, मांडीवर धाकटा पुंजाराम. आणि थोरला सोनाजी उभा होता तिथं कापलेली कड.

सोनाजी बजाजनगरात राहून कारखान्यात जायचा. सोबतच्या कामगारांबरोबर तो नामांतराच्या मोर्चात चालला. वेरूळजवळ मेंढरं राखणाऱ्या पुंजारामला गावानं त्यावरून टोमणे मारले. त्यानं घरी येऊन मेंढ्या कातरायच्या कात्रीनं भावाला फोटोतून काढून टाकलं.

आता तिला दोन्ही लेकांसह नवा फोटो हवा होता, आणि लेक एका छताखाली यायला तयार नव्हते.

वैजनाथ खेकसतच म्हणाला, की वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यावर जमेल. अर्धं भिंग झाकून एकाला टिपायचं. मग फिल्म न सरकवता उरलेलं अर्धं झाकून दुसऱ्याला. जोड मधल्या रिकाम्या पडद्यावर येऊ दे, तू कडेला बस.

"मधी मी बसते," ती म्हणाली.

मग जोड तुझ्या तोंडावर येईल, हललीस तर भूत दिसशील, असं त्यानं बजावलं. ती मधल्याच खुर्चीवर बसली.

ठरल्या दिवशी सकाळी सोनाजी पाळीला जायच्या आधी आला; मीही माझे फोटो न्यायला आलो होतो. तिनं त्याचा हात ओढून पोटाशी धरला. फोटो निघाला, तो गेला. ती उठली नाही. डोकं हलू नये म्हणून खुर्चीमागं लावलेल्या लोखंडी टेकूला मान टेकून तशीच. मी पाणी पुढं केलं.

"राजे, गप बसा."

असा अपमान माझा कुठल्या प्रेक्षकानं केला नव्हता. पण असं बसणंही मी कुठल्या नटाचं पाहिलं नव्हतं.

दुपारी पुंजाराम आला. भिंगावरचा अर्धा पुठ्ठा आणि आईच्या दुसऱ्या बाजूला सोडलेली जागा बघून त्याला उमगलं.

"त्यो येऊन गेला व्हय? गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली त्यानं. मी नाय उभा राहत त्याच्यासंगं."

"त्याच्यासंगं नको राहू," मान न हलवता ती म्हणाली. "माझ्यासंगं राहा."

तो तोंड फुगवून उभा राहिला. त्याचाही हात तिनं पोटाशी ओढला.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. घरी तिनं फोटो पुंजारामपुढं ठेवला, त्यावर ती कात्री.

"काप आता. कुठून कापतो ते बघते."

त्यानं कात्री उचलली. कुठूनही कापलं तरी सोनाजीचा हात आईच्या पोटाशी उरत होता, आणि तो काढायचा तर आईचं पोट कापावं लागत होतं. त्यानं कात्री भिंतीवर आपटली आणि फोटो फळीवर पालथा घातला.

भाऊ पुढं एकमेकांशी बोलले नाहीत. म्हातारी सकाळी फोटो सुलटा करायची, पुंजाराम संध्याकाळी पालथा घालायचा. कापला मात्र नाही.